पास झालात, पण डिग्री अजून बाकी आहे: शेवटच्या निकालापासून पदवी हाती येईपर्यंतचे टप्पे

सहाव्या सेमिस्टरचा निकाल मोबाईलवर दिसला की घरोघरी काम संपल्यासारखं वाटतं. मार्कशीट आणायची, टीसी काढायची, झालं. मग दोन-तीन वर्षांनी तलाठी भरतीत किंवा बँकेत कागदपत्र पडताळणीचा दिवस येतो आणि पदवी प्रमाणपत्र मागितलं जातं. तेव्हा कळतं की डिग्रीचा अर्ज कधी केलाच नव्हता, किंवा केला होता पण नावातल्या एका अक्षरावरून तो अडून पडला आहे. पडताळणीला चार दिवस उरलेले असतात आणि विद्यापीठाचं काम चार दिवसांत होत नाही.

चूक बहुतेक वेळा अर्जात नसते. ती अर्जाच्या आधीच्या कागदांत असते, किंवा कामाच्या क्रमात असते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले दोन टप्पे सोडून थेट पाचव्यावर उडी मारली, तर बहुतेकांना परत पहिल्यावर यावं लागतं, आणि भरलेलं शुल्क वाया जाऊ शकतं.

## सुरुवातीला: तुमचं विद्यापीठ कोणतं?

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे. कृषी पदवी असेल तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, आणि त्याची पद्धत वेगळी. हा लेख पहिल्या तीन विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांमधल्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

जुनी डिग्री काढायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झालं, अमरावती 1983 मध्ये. त्याआधी त्या जिल्ह्यांतून पास झालेल्यांची पदवी नागपूर विद्यापीठाची असते. चंद्रपूरच्या माणसाने 2005 सालच्या डिग्रीसाठी गडचिरोलीला चक्कर मारण्यात अर्थ नाही.

## तयारी: एक फाईल, दोन संच

प्लास्टिकची फ्लॅप असलेली एक फाईल घ्या आणि पुढचे कागद त्यात एकत्र करा:

- दहावी आणि बारावीची मार्कशीट व प्रमाणपत्र
- पहिल्या सेमिस्टरपासून शेवटच्यापर्यंतच्या सगळ्या मार्कशीट. एखाद्या सेमिस्टरला बॅक राहिली असेल तर नापासाची आणि नंतरची पासाची, दोन्ही
- एनरोलमेंट नंबर किंवा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) लिहिलेला कागद (जुनी हॉल तिकिटं चालतात)
- आधार कार्ड
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे अलीकडचे फोटो
- लागू असेल तर जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, नावबदलाचं राजपत्र

प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. शिवाय प्रत्येक मूळ कागद स्वतः स्कॅन करून पीडीएफ बनवा. मोबाईलने फोटो काढला तर दिवसाच्या उजेडात पण सावलीत, सपाट जागी, चारही कोपरे दिसतील असा काढा. वाकडा, पिवळट, अंगठा आलेला फोटो हे अर्ज परत येण्याचं अगदी साधं कारण आहे आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

नापासाची मार्कशीट बरेच जण फाडून टाकतात. फाडू नका. तुम्ही तो विषय कोणत्या परीक्षेत सोडवला, उन्हाळी 2023 की हिवाळी 2023, हे दाखवायला ती लागते. अटेम्प्ट सर्टिफिकेट, म्हणजे किती प्रयत्नांत पास झालात याचा दाखला, मागितलं गेलं तर तिच्याशिवाय काम लांबतं.

मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. सेवा केंद्रवाल्याचा, मित्राचा किंवा काकाचा नाही. पुढचे सगळे ओटीपी आणि सूचना त्याच नंबरवर येणार आहेत. वर्षभरात सिम बदलायचा विचार असेल तर आत्ताच बदला.

## टप्पा 1: निकाल खरंच पूर्ण आहे का, ते पाहा

वेबसाईटवर ‘पास’ दिसणं आणि विद्यापीठाच्या नोंदीत तुमची पदवी पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या मार्कशीटवर पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

निकाल राखीव आहे का. मार्कशीटवर निकाल राखून ठेवल्याचा शेरा असेल तर त्याचं कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं: कॉलेजने इंटर्नल किंवा प्रॅक्टिकलचे गुण पाठवले नाहीत; आधीच्या सेमिस्टरचा एखादा विषय बाकी आहे; प्रवेशाच्या वेळची पात्रता निश्चित झालेली नाही; किंवा परीक्षा शुल्काची नोंद जुळत नाही. यातली पहिली, तिसरी आणि चौथी अडचण कॉलेजच्या परीक्षा विभागातून सुटते. त्यासाठी थेट विद्यापीठात जाऊ नका. तिथे तुम्हाला कॉलेजच्या पत्रासाठी परतच पाठवतील.

बॅक नंतर सुटली असेल तर. हा प्रकार नेहमी घडतो. सहावं सेमिस्टर आधी पास झालं, चौथ्याचा विषय नंतर निघाला. चौथ्याची नवी मार्कशीट मिळाली म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो, पण सहाव्याच्या मार्कशीटवर निकाल अजून राखीवच असतो. तो आपोआप मोकळा होईल असं धरून बसू नका. सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स जोडून कॉलेजमार्फत अर्ज द्या आणि अंतिम श्रेणी लिहिलेली नवी मार्कशीट मागा. ती येईपर्यंत डिग्रीचा अर्ज मंजूर होणार नाही.

श्रेणीपुरते विषय. पर्यावरण अभ्याससारखे विषय टक्केवारीत धरले जात नाहीत, म्हणून विद्यार्थी ते विसरून जातात. पण ते अनिवार्य असतात. त्या रकान्यात श्रेणी लिहिलेली हवी, रिकामी जागा नको.

रीव्हॅल्युएशन (उत्तरपत्रिकेची फेरतपासणी) करायचं असेल तर आत्ताच. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती फार थोडी असते. मार्कशीट गावात पोचायची वाट पाहिली तर ती निघून जाते. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, विषयाच्या सरांना दाखवा, मग ठरवा. रीव्हॅल्युएशन चालू असताना डिग्रीचा अर्ज करू नका. गुण बदलले तर जुनी मार्कशीट जमा करून नवी घ्यावी लागते आणि अर्जातले आकडे खोटे ठरतात.

> पुढे जाण्याआधी तपासा: सगळ्या सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट हाती आहेत. एकावरही राखीव शेरा नाही. शेवटच्या मार्कशीटवर अंतिम श्रेणी किंवा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) छापलेला आहे.

## टप्पा 2: नाव

सगळ्यात जास्त डिग्र्या इथे अडतात, म्हणून थोडं सविस्तर.

डिग्रीवर नाव मराठीत आणि इंग्रजीत असं दोन्ही लिपींत छापलं जातं. तुम्ही काय म्हणवून घेता किंवा आधारवर काय आहे, यापेक्षा विद्यापीठाच्या नोंदीत काय आहे ते महत्त्वाचं. ती नोंद प्रवेशाच्या वेळी बारावीच्या मार्कशीटवरून झालेली असते. म्हणून टेबलावर बारावीची मार्कशीट, शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर लावून वाचा. नजर फिरवू नका. बोट ठेवून वाचा, शक्य असेल तर दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा.

नेहमी सापडणारे फरक:

- वानखडे आणि वानखेडे, राऊत आणि राउत, शितल आणि शीतल
- ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एके ठिकाणी ‘डी-एन’ने, दुसरीकडे ‘जी-वाय’ने सुरू होणं
- वडिलांच्या नावामागे ‘राव’ किंवा ‘जी’ एका कागदावर असणं, दुसऱ्यावर नसणं
- बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी
- आईचं नाव गाळलेलं किंवा तिथे टोपणनाव लिहिलेलं
- लग्न झालेल्या मुलींचं सासरचं आडनाव आधारवर चढलेलं, मार्कशीटवर माहेरचं

यातला आडनावाच्या क्रमाचा फरक सहसा अडचण करत नाही. बाकीचे करतात. दुरुस्ती कुठून सुरू करायची हे चूक कुठे आहे त्यावर ठरतं.

बारावीचं बरोबर, विद्यापीठाचं चूक: कॉलेजमार्फत विद्यापीठात नाव दुरुस्तीचा अर्ज. सोबत दहावी-बारावीच्या मार्कशीट. हे सोपं काम आहे, पण डिग्री छापली जाण्याआधी. छापल्यानंतर तेच काम खर्चिक आणि लांबणारं होतं.

दहावी-बारावीतच चूक: आधी बोर्ड, मग विद्यापीठ. बोर्डाची दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते. विदर्भासाठी ती कार्यालयं नागपूर आणि अमरावतीला आहेत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा हा इथला मुख्य पुरावा. रजिस्टरमध्येच चूक असेल तर काम मोठं आहे, लगेच सुरू करा.

आधारमध्ये चूक: आधार दुरुस्त करा, मार्कशीट नाही. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. त्यामुळे केंद्रावर जाताना बारावीची मार्कशीट सोबत न्या आणि पावतीवरचं स्पेलिंग वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

लग्नानंतरचं नाव: डिग्री माहेरच्या नावानेच घ्या. हे आमचं स्पष्ट मत आहे. दहावीपासूनचे सगळे कागद त्याच नावाने आहेत, आणि एकटी डिग्री सासरच्या नावाने असली तर प्रत्येक भरतीत खुलासा करत बसावं लागतं. नोकरीसाठी दोन नावं जोडायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी पुरते.

> सावधान: ‘आत्ता अर्ज भरून टाकू, नाव नंतर पाहू’ असं करू नका. अर्जात जे नाव मंजूर होतं तेच छापलं जातं.

## टप्पा 3: एबीसी आयडी आणि डिजीलॉकर

एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी हा 12 अंकी क्रमांक डिजीलॉकरमधून आधारच्या आधारे तयार होतो. तुमचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, त्यात जमा होतात. तो कॉलेजने काढून दिला असेल तर त्यातलं नाव आणि मोबाईल नंबर एकदा उघडून पाहा. प्रवेशाच्या गर्दीत एकाच मोबाईलवरून चार-पाच मुलांचे आयडी काढले गेले असतील तर ओटीपी कुणाच्या तरी भलत्याच फोनवर जात राहतो.

विद्यापीठाने राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात डिग्री चढवली की ती डिजीलॉकरच्या ‘इश्यूड’ भागात दिसते. तिथून आलेली डिजिटल प्रत कायद्याने मूळ प्रतीसारखीच मानली जाते. तुम्ही स्वतः स्कॅन करून ‘अपलोडेड’ भागात ठेवलेली प्रत मात्र तशी नसते, ती फक्त तुमच्या सोयीची झेरॉक्स. पडताळणीच्या टेबलावर बरीच मुलं ही दुसरी प्रत दाखवतात आणि ती नाकारली गेली की गोंधळतात.

## टप्पा 4: कॉलेजातून बाहेर पडण्याचे कागद

क्रम असा: नो ड्यूज, मग टीसी, मग लागलं तर मायग्रेशन.

नो ड्यूजवर ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळ विभाग, वसतिगृह आणि लेखा विभाग यांच्या सह्या लागतात. ग्रंथालयाचं पुस्तक हरवलं असेल तर आधी ग्रंथपालांना भेटा. तीच आवृत्ती बाजारात मिळाली तर दंडाऐवजी पुस्तक चालतं का, ते विचारा. अनामत रक्कम परत मिळते आणि ती मागायला बहुतेक जण विसरतात. प्रवेशाची पावती असेल तर अर्जासोबत जोडा.

शिष्यवृत्तीची शेवटची रक्कम महाडीबीटीवर अडली असेल तर अर्जाची स्थिती आणि बँक खात्याचं आधार सीडिंग तपासा. खातं आधारशी जोडलेलं नसणं हे रक्कम न येण्याचं नेहमीचं कारण. आणि प्रवेशाच्या वेळी घेतलेले दहावी-बारावीचे मूळ कागद कॉलेजने अडवून ठेवू नयेत, अशी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2018 ची अधिसूचना आहे. कुणी अडवत असेल तर भांडू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. पोच मागितल्यावर बरीच कामं तिथल्या तिथेच मार्गी लागतात.

टीसी मूळ एकच मिळते. पुढच्या प्रवेशात ती जमा होते, म्हणून आधी चार रंगीत झेरॉक्स काढा. मायग्रेशन फक्त विद्यापीठ बदलत असेल तर लागतं. यवतमाळहून अमरावतीला एमए करायला जाणाऱ्याला त्याची गरज नाही, तेच विद्यापीठ आहे. नागपूरला जाणाऱ्याला आहे. गरज नसताना काढून ठेवू नका.

चौथ्या वर्षाला जायचं असेल तर तिसऱ्या वर्षानंतर टीसी काढायची घाई नको. चौथ्या वर्षाबद्दल पुढे टप्पा 6 मध्ये लिहिलं आहे.

## टप्पा 5: डिग्रीचा अर्ज

दीक्षांत समारंभाआधी विद्यापीठ अर्जासाठी सूचना काढतं आणि मुदत देतं. ती सूचना विद्यापीठाच्या वेबसाईटवर येते, कॉलेजच्या फलकावर लागते. गावातून कॉलेजला रोज जाणं होत नाही, म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवलंबून न राहता महिन्यातून दोनदा वेबसाईट स्वतः उघडा. मुदत चुकली तर विलंब शुल्क लागतं किंवा पुढच्या समारंभाची वाट पाहावी लागते.

अर्ज ऑनलाईन आहे. घरी नेटवर्क नसेल आणि सेवा केंद्रावरून भरायचा असेल तर सकाळी जा; दुपारनंतर गर्दी आणि लाईट, दोन्हींचा भरवसा नसतो. भरताना पुढची काळजी घ्या.

1. मराठी नाव स्वतः तपासा. केंद्रवाला इंग्रजीत टाईप करून मराठी उमटवतो. त्यात ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ठाकरे’चे ‘थाकरे’ होतात. स्क्रीनवर वाचून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.
2. परीक्षेचं सत्र आणि वर्ष. शेवटचा विषय ज्या परीक्षेत सुटला ते सत्र लिहायचं. बॅक हिवाळी परीक्षेत निघाली असेल तर उन्हाळी लिहू नका.
3. श्रेणी. मार्कशीटवर छापलेलीच. स्वतः टक्के काढून ‘प्रथम श्रेणी’ लिहू नका.
4. प्रत्यक्ष की अनुपस्थितीत. समारंभात मंचावर किंवा मंडपात हजर राहून घ्यायची, की पोस्टाने वा कॉलेजमार्फत, हे इथे निवडायचं असतं. नंतर बदलता येईल असं धरून चालू नका. पदवीची किंमत दोन्हींत एकच आहे.
5. पत्ता. गावाचं नाव आणि पोस्टाचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहा: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. पिन गावाच्या पोस्टाचा, तालुक्याचा नाही. एकाच नावाची दोन गावं आपल्या भागात सर्रास सापडतात, त्यामुळे तालुका गाळला तर पाकीट भलतीकडे जातं. घरी दिवसा कुणी नसेल, सगळे वेचणीला किंवा बाहेरगावी कामाला असतील, तर कॉलेजमार्फत घेणं बरं.
6. पैसे. यूपीआयने भरताना पैसे कटले पण पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, अर्जाच्या पानावर पुन्हा लॉगिन करून स्थिती पाहा, एक-दोन दिवस थांबा.
7. सबमिट केल्यावर पीडीएफ. अर्ज आणि पावती दोन्ही स्वतःच्या ईमेलवर पाठवा. केंद्राच्या संगणकावर पासवर्ड सेव्ह ठेवू नका.

छापील प्रत कॉलेजात जमा करायची असेल तर अर्ज ऑनलाईन भरला म्हणून काम झालं असं समजू नका. प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, आणि कॉलेजकडून पुढे जाईपर्यंत अर्ज अर्धवटच असतो.

तोपर्यंत काय दाखवायचं? प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र. ते वेगळ्या अर्जाने मिळतं आणि डिग्री येईपर्यंत चालतं, पण डिग्रीची जागा घेत नाही. भरतीच्या जाहिरातीत अर्हतेचा दिनांक कसा मोजला आहे ते नीट वाचा. निकालाचा दिनांक मार्कशीटवर असतो, डिग्रीवर मात्र बहुधा समारंभाचा दिनांक पडतो. अर्जात डिग्रीवरची तारीख टाकून कुणी स्वतःलाच अपात्र ठरवू नये.

> तपासणी: अर्ज क्रमांक, शुल्काची पावती, कॉलेजची पोच. तिन्ही फाईलमध्ये.

## टप्पा 6: श्रेणी, पदकं, ऑनर्स

### सीजीपीए बरोबर काढणं

सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए (एकेका सेमिस्टरची सरासरी) बेरीज करून सहाने भागायचे नाहीत. प्रत्येक एसजीपीएला त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणायचं, बेरीज करायची, मग एकूण क्रेडिटने भागायचं.

समजा पहिल्या सेमिस्टरला 20 क्रेडिट आणि एसजीपीए 8.00, दुसऱ्याला 24 क्रेडिट आणि 7.00. गुणाकार 160 आणि 168, बेरीज 328. भागिले 44 म्हणजे 7.45. साधी सरासरी 7.50 आली असती. श्रेणीची सीमा 7.50 असेल तर हा फरक मोठा ठरतो.

सीजीपीएचे टक्के करायचे असतील तर तुमच्या विद्यापीठाचं सूत्र किंवा तक्ताच वापरा. तो मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतो. 9.5 ने गुणण्याची पद्धत सीबीएसईच्या शाळांमधून आली आहे, ती इथे लावू नका.

### पदकं आणि पारितोषिकं

सुवर्णपदकं सगळी सारखी नसतात. काही पूर्ण परीक्षेत पहिल्या आलेल्याला असतात. बरीच दात्यांच्या देणगीतून सुरू झालेली असतात आणि त्यांना दात्याची अट असते: अमुक विषयात सर्वाधिक गुण, मुलींमधून पहिली, अमुक प्रवर्गातून पहिला, अमुक जिल्ह्यातल्या कॉलेजचा. त्यामुळे विद्यापीठात पहिला न आलेला विद्यार्थीही एखाद्या विषयाच्या पदकाचा हक्कदार असू शकतो. ग्रामीण कॉलेजांतली हुशार मुलं ही यादी वाचतच नाहीत आणि हक्काचं पदक दुसऱ्याकडे जातं, याचं वाईट वाटतं. यादी मागा आणि शेवटपर्यंत वाचा.

पदकाच्या नियमांत सहसा विचारल्या जाणाऱ्या गोष्टी: सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात सुटले का, पदवी ठरलेल्या वर्षांत पूर्ण झाली का, विद्यार्थी नियमित होता का, आणि रीव्हॅल्युएशनने वाढलेले गुण धरायचे की नाही. शेवटचा मुद्दा विद्यापीठागणिक बदलतो, म्हणून विद्यापीठाच्या नियमांचा, म्हणजे ऑर्डिनन्स किंवा डायरेक्शनमधला, मूळ मजकूर पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आक्षेपांची मुदत सुरू होते. यादीत तुमचं नाव हवं होतं पण नाही, किंवा प्रवर्ग चुकीचा लागला, तर त्याच मुदतीत कॉलेजमार्फत लेखी आक्षेप, मार्कशीटच्या प्रतींसह. अंतिम यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही. पारितोषिक रोख असेल तर बँकेचा तपशील स्वतःच्या खात्याचा द्या, वडिलांच्या नाही.

### चौथं वर्ष

राज्याच्या नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176 क्रेडिट लागतात. संलग्न कॉलेजांत ही रचना 2024-25 च्या प्रथम वर्षापासून आली. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के किंवा अधिक लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा होऊ शकतो.

पण प्रत्येक गावातल्या कॉलेजात चौथं वर्ष चालतंच असं नाही, आणि संशोधनाची सोय त्याहून कमी ठिकाणी. पाचव्या सेमिस्टरमध्येच प्राचार्यांना विचारा की तुमच्या विषयाला मान्यता आहे का. नसेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एमए किंवा एमएस्सी हा मार्ग पूर्वीसारखाच खुला आहे. तो कमी दर्जाचा नाही.

## टप्पा 7: समारंभाचा दिवस

प्रत्यक्ष हजेरी निवडली असेल तर वेष, प्रवेशपत्र, नोंदणीची वेळ आणि सोबत किती जण चालतील, हे सूचनापत्रात असतं. नोंदणीची वेळ समारंभाच्या बरीच आधी संपते. धारणी, भामरागड, झरी-जामणीसारख्या ठिकाणाहून सकाळच्या एसटीने वेळेत पोचणं अवघड आहे. आदल्या दिवशी निघा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा त्या दिवसांत विद्यापीठाचं काम असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा. मूळ आधार आणि अर्जाची पावती सोबत लागते, मोबाईलमधला फोटो पुरेसा आहे असं गृहीत धरू नका.

## टप्पा 8: डिग्री हाती आल्यावर

घरी नेऊन नाही, तिथेच वाचा: दोन्ही लिपींतलं नाव, पदवी आणि विद्याशाखा, विषय, श्रेणी, परीक्षेचं सत्र व वर्ष, अनुक्रमांक, कुलगुरूंची सही. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. काही वर्षांनी दुरुस्तीसाठी गेलात तर चूक छापताना झाली की तुमच्या अर्जात होती, हे सिद्ध करणं कठीण जातं.

लॅमिनेशन करू नका. कौतुकाने लोक सगळ्यात आधी हेच करतात. लॅमिनेशन केलेल्या डिग्रीच्या मागे पडताळणीचा शिक्का मारता येत नाही, होलोग्राम तपासता येत नाही, आणि ते काढायला गेलं की शाई सोबत निघते. घडीही घालू नका. आम्लरहित कागद लावून कडक प्लास्टिक फोल्डरमध्ये सपाट ठेवा. ओल आणि वाळवी हे आपल्या घरांतले खरे धोके आहेत. भिंतीला लागून असलेल्या पेटीत तळाशी ठेवण्यापेक्षा उंचावर ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.

## काम अडलंच तर

परीक्षेचे निकाल शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत लावावेत, असं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो. विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असलेल्या तारखेपासून 180 दिवसांत पदवी दिली जावी, असा यूजीसीचा 2008 चा विनियम आहे. हे आकडे अर्जात लिहा. नुसती विनवणी करण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

पायऱ्या अशा चढा. आधी कॉलेजला लेखी अर्ज आणि पोच. दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला अर्ज, आधीची पोच जोडून. त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या 2023 च्या विनियमाप्रमाणे तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील आहे. कागदपत्रं अडवणं ही तक्रार तिथे चालते.

माहितीचा अधिकार हा शेवटचा उपाय. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. ‘माझी डिग्री का दिली नाही’ असा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर देणं बंधनकारक ठरत नाही. ‘अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या आणि टिपणीच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. उत्तराला 30 दिवस आहेत. बऱ्याचदा या नोंदी शोधताना फाईल कुठल्या टेबलावर पडून आहे ते त्यांनाच सापडतं आणि ती पुढे सरकते.

डिग्री हरवली किंवा जळली तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाकडे अर्ज द्या. त्यात एनरोलमेंट नंबर, परीक्षेचं सत्र आणि वर्ष विचारलं जातं, आणि डिग्रीची एक झेरॉक्स जवळ असेल तर जुनी नोंद शोधणं खूप सोपं होतं.